दोनदा लिहिलेलं वाक्य

आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची रीत ठरलेली होती. मी मूळ कागद मोठ्यानं वाचायचे आणि समोर बसलेले मास्तर छापील कागदावर लाल पेन चालवायचे. वाचताना सूर लावायचा नाही, स्वल्पविरामसुद्धा म्हणून दाखवायचा. पंधरा वर्षांत मी कितीतरी मरणं आणि लग्नं अशी कोरडी ठणठणीत वाचली होती.

बायको गेल्यावर मास्तरांनी नऊ वर्षांची मुलगी बहिणीकडे ठेवली. बहिणीला चार पोरं. तिला फुकटची मोलकरीण मिळाली, असं माझं मत. पण मला विचारतो कोण? मुलीची पत्रं यायची. मास्तर जेवणाच्या सुट्टीत ती पत्रंही तपासायचे आणि लाल खुणांसकट तिला परत पाठवायचे. जित्याची खोड, दुसरं काय!

एकदा तिनं लिहिलं, 'बाबा, मला घरी न्या. मला घरी न्या.' मास्तरांनी दुसरं वाक्य खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'पुनरुक्ती.' मी म्हटलं, अहो, पोर रडतेय. ते म्हणाले, सुरुवातीला सगळीच रडतात, रुळेल हळूहळू. पुढच्या पत्रात एकच ओळ होती, 'मी मजेत आहे.' मास्तरांनी ती मला कौतुकानं दाखवली. मला त्यांचा असा राग आला की त्या दिवशी मी चहाही त्यांच्याबरोबर घेतला नाही.

त्याच आठवड्यात जुन्या रशियन गोष्टींचा अनुवाद तपासायला आला. एका गोष्टीत सात वर्षांचा पोरगा नातेवाइकांच्या गिरणीवर राबत असतो. पिठाची पोती न्यायला त्याच्या गावचा गाडीवान येतो. पोरगा बर्फात उभा राहून त्याला विनवतो. मी सवयीनं वाचत गेले, "मलाही न्या पूर्णविराम माझं वजन फार नाही पूर्णविराम माझं वजन फार नाही पूर्णविराम."

मी थांबले. "दोनदा आलंय, मास्तर. एक काढायचं?"

पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. या वेळी पूर्णविराम म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं आणि आवाजही ताब्यात राहिला नाही.

"राहू द्या, बाई," मास्तर म्हणाले. "दोन्ही राहू द्या."

पान अर्धवट टाकून ते उठले, मालकांकडून रजा घेतली आणि दुपारचीच बस पकडली. अर्धवट पान टाकून उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मुलीला घेऊनच परतले. तिथं काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं, तेही खाली मान घालून. दार मुलीनंच उघडलं. तिचे हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसानं भरलेले होते. बापाला बघून ती हसली नाही की रडली नाही. हात फ्रॉकला पुसत तिनं घाबरून विचारलं, "बाबा, पत्रात काही चुकलं का?"