व्रतातला थेंब

सगुणला लांबच्या ट्रकाची नंबरप्लेट घडाघडा वाचता येई, म्हणून त्याच्या डोळ्यांना नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. तो चालवायचा त्या टिपरचा डावा आरसा दोनदा फुटला, तरी दोष शिरगावच्या अरुंद रस्त्याला. पण लाटंबार्शे गावातल्या घरी थोरला भाऊ भिकाजी दारच्या सोप्यावर बसून माणसं आवाजावरून ओळखायचा. काचबिंदूनं त्याची नजर पार नेली होती. हा रोग घराण्यात असतो, धाकट्यालाही तपासा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सगुणच्या बायकोनं, तारानं, ते मनावर घेतलं. सावंतवाडीकडची पोर ती, एकदा धरलं की सोडणारी नव्हे. नवऱ्याला ओढतच तिनं डिचोलीला नेलं.

डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. कडेची नजर थोडी गेलीच होती. गेली ती परत यायची नाही, पण उरलेली राखता येईल. त्यासाठी रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत थेंब, तोही जन्मभर. सगुण मुकाट्यानं घालू लागला. मग शिरगावच्या लईराई देवीची जत्रा जवळ आली.

सगुण देवीचा धोंड, म्हणजे व्रतकरी भक्त. धोंडानं जत्रेआधी व्रत धरायचं, घर सोडून बाकीच्या धोंडांबरोबर राहायचं, आंघोळ करून स्वतः रांधलेलं खायचं आणि शेवटी होमाच्या निखाऱ्यांवरून चालायचं. इथंच घोडं पेंड खायला लागलं. बाटलीतलं औषध व्रताला चालत नाही, असं त्यानं आपलं आपणच ठरवलं आणि बाटली फळीवर ठेवून गेला. तारा ती घेऊन मागोमाग गेली, तर म्हणतो कसा, दुखत नाही, खुपत नाही, देवी बघून घेईल. आता काय बोलणार, कपाळ! काचबिंदू म्हणजे महाबिलंदर. सगळं चोरून नेईपर्यंत ताकास तूर लागू देत नाही. ताराच्या अंगाचा तिळपापड झाला. देवीवर तिचीही श्रद्धा होती, पण नवऱ्याचे डोळे ती असे जाऊ देणार नव्हती.

तिनं घरी येऊन भिकाजीला सांगितलं. एके काळी तोही धोंड होता. त्यानं काठी मागितली आणि मला तिथं ने म्हणाला.

धोंड तळीवर आंघोळ करून बसले होते. शिवाशीव नको म्हणून भिकाजी लांबच उभा राहिला.

"सगुण, माका रोग उशिरा कळलो, असा सगळे म्हणतत. खोटा तां. डॉक्टरान थेंब दिले व्हते. व्रतात बंद केलंय. मगे दुखाक नाय, म्हणान परत घातलंयच नाय. देवीन माझे डोळे मागूक नाय व्हते रे. मीच घालवलंय."

ताराला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सगुणनं मान खाली घातली. सगळ्यांत जुना धोंड बाबली, तो उठला. प्रेशरची गोळी आपण व्रतात रोज घेतो, तुला कुणी मना केलं होतं, असं सगुणवर खेकसला. तारानं बाटली दगडावर ठेवली. बाबलीनं बाटलीवर तळीचं पाणी ओतलं, ती पुसून उचलली आणि सगुणला मान वर करायला लावून एका डोळ्यावर धरली.

भिकाजी कान देऊन उभा होता.

"थेंब पडलो गो, तारा?"

"पडलो, भावोजी."

"आणि दुसऱ्यात?"

सगुणनं दुसरा डोळा स्वतःच बोटांनी उघडून धरला.