सगोत्र

“आई, सोनेरी! लवकर या!”

स्वरालीची हाक ऐकून सासूबाई आल्या, पण नेहमीप्रमाणे उंबऱ्यातच थांबल्या. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमधली मागची खोली स्वरालीच्या अजगरांची. तिथे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. “लोक उंदरांना औषध घालतात, आमच्याकडे ते अजगरांच्या खाण्यासाठी फ्रीझरमध्ये जपून ठेवतात,” हे वाक्य मात्र आल्यागेल्याला ठरलेलं.

उबेच्या पेटीत, चिरलेल्या अंड्यातून इवलंसं डोकं बाहेर आलं होतं. हळदीत बुडवून काढल्यासारखं.

आईबाप दोघंही तपकिरी. सोनेरी रंग त्यांच्या रक्तात दडलेला. दोघांकडूनही उतरला तरच पिल्लावर दिसायचा. तसं रक्त असलेला बाहेरचा नर स्वरालीने खूप शोधला, मिळाला नाही. लेक अवनी झाली, नोकरी सुटली, आणि स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच वेड उरलं. शेवटी तिने सख्ख्या भावाबहिणीचीच जोडी लावली.

“सख्खी भावंडं?” तेव्हा सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला होता. “अगं, गोत्र तरी बघायचंस!”

“आई, सापांना गोत्र नसतं.”

“असं का? बरं.”

आता पिल्लू सावकाश सरकलं. मान आली, पाठ आली, आणि स्वरालीचं हसू जागीच थिजलं. मध्यावर कणा मोडक्या काडीसारखा वाकला होता.

अजगर पाळणाऱ्या राजसने तिने पाठवलेला व्हिडिओ पाहून फोन केला. “ताई, कलर कडक आहे. पण पाठ गेलीय. जवळच्या नात्यात होतं असं. याचा नाद सोडा, पुढच्या वेळी बघू.”

“सोडा म्हणजे काय करू?”

त्याने पुढच्या जोडीचा विषय काढला.

पिल्लाने पहिली कात टाकल्यावर तिने भरवलेला घास त्या वाकड्या पाठीपाशी अडकला आणि दुसऱ्या दिवशी उलटून पडला. त्याहून लहान दिला, तोही पडला. वाकलेला कणा सरळ होत नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

“आज राहिलं का गं पोटात?” सासूबाई उंबऱ्यातून विचारायच्या. गोत्राचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. स्वरालीला वाटे, काढावं. त्यांनी एकदा तिला चांगलं बोलून घ्यावं.

रविवारी पिल्लाने तोंडच उघडलं नाही. ताटातलं वरण निवून गेलं, तरी ती त्याला तळहातावर घेऊन बसून होती. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. गुडघ्यावर हात टेकत जमिनीवर बसल्या आणि पदर मांडीवर पसरला.

“दे इकडे. दोन घास खाऊन ये.”

“आई, तुम्हाला भीती वाटते ना...”

“वाटतेच आहे. दे.”

पदराची ऊब लागताच पिल्लाने वेटोळं घालायला घेतलं. पाठ वळेना. वेटोळं अर्ध्यावरच राहिलं.

उरलेल्या अर्ध्या बाजूने सासूबाईंनी आपल्या हाताचा आडोसा धरला.