न परतणाऱ्या पिशव्या

तेलंगणातल्या नार्नूरच्या वाचनालयातून मराठी पुस्तकं जात होती ती जातच होती, परत यायचं नावच घेत नव्हती. पूर्णिमाचं डोकं चक्रावलं. सगळा खटाटोप तिचाच ना! वाचनालयात दिवसभर स्पर्धा परीक्षेची पोरं तेलुगू गाईड उघडून बसायची, मराठीच्या कपाटाकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. मराठी वाचणारे गेले तरी कुठं, म्हणून ही बाई ग्रंथपालाची खुर्ची सोडून गावात हिंडली, तर वाचणाऱ्या घरोघरी सापडल्या. महाराष्ट्रातून, जिवतीकडून, पांढरकवड्याकडून लग्न होऊन आलेल्या बाया. माहेरी मराठी शाळेत शिकलेल्या. इथं पोरांना तेलुगू येतं, यांना येत नाही. मराठी अक्षर दिसायचं ते लग्नपत्रिकेत, तेही पाहुणे सीमेपलीकडचे असले तर.

पण कापूस वेचून आलेली बाई त्या पोरांच्या गर्दीत येऊन बसेल कशाला? मग वाचनालयानंच उठून तिच्या दारी जावं. पूर्णिमानं मावला गावच्या आपल्या घरातल्या जुन्या साड्या फाडून पिशव्या शिवल्या, एकेकीत एकेक पुस्तक घातलं आणि त्या स्वतः फिरून वाटल्या. ऑनलाइन प्रशिक्षणात असं काही काही सांगतात, तिनं मनावर घेतलं एवढंच.

जिल्हा वाचनालयाचे साहेब सुधाकरराव मात्र वैतागले. "पूर्णिमा, पुस्तक बाहेर गेलं म्हणजे वाचन झालं असं नाही. ते परत यायला पाहिजे. नाहीतर हा दानधर्म झाला! इकडे पोरांना टेबल टाकायला जागा नाही. येत्या बाजाराच्या दिवशी येतो. पुस्तकं आली नसली तर मराठीचं कपाट आदिलाबादला हलवतो."

माणूस वाईट नव्हता, पण बोलला तसं करणारा होता. आणि कपाट आदिलाबादला गेलं की इथल्या बायांचं वाचन संपलं. पुस्तकासाठी बस धरून तिकडे कोण जाणार?

पूर्णिमा घरोघरी निघाली. द्वारकाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"वाचून झालं का पुस्तक?"

"कवाच झालं."

"आवडलं?"

"लय! दोनदा वाचलं."

"मंग आणून काऊन नाही दिलं?"

द्वारकाबाई शेंगा सोलायच्या थांबल्या. "आणतो ना बाई," म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच! पुस्तक वाचलंय, आवडलंय, पिशवी चक्क धुऊन खुंटीला टांगलीय, आणि विचारलं की बाई चहा ठेवायला आत पळते. आता याला काय म्हणावं? पूर्णिमाला राग यायला हवा होता, पण राग कुठला, नुसती उत्सुकता. अशी काय गोम आहे यात?

बयनाबाईच्या घरी तिनं विचारणं सोडलं आणि सरळ खुंटीवरच्या पिशवीला हात घातला. बयनाबाई हातातली भाकर टाकून धावली.

"अवो मॅडम, तशी नका नेऊ!"

"काऊन? वाचनालयाचीच हाये ना?"

"पिशी रिकामी हाये ना माय!" बयनाबाईनं पिशवी छातीशी धरली. "तुमी आमच्या घरी भरून आणली, अन् मी रिकामी धाडू? ज्वारी हिरवी हाये अजून. निघू द्या, पायलीभर घालून मीच आणून देतो."

"अवो, पुस्तक हाये ना तिच्यात!"

"थे तर तुमचंच. आमचं काय गेलं त्यात?"

पूर्णिमा मटकन ओट्यावर बसली आणि हसू लागली. तिच्या आईनं आजवर शेजारणीचा डबा कधी रिकामा धाडला होता? साखर नसली तर दोन मिरच्या तरी घातल्याच. घरात लहानपणापासून पाहिलेलं, पण पुस्तकाच्या पिशवीलाही तोच कायदा लागेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पण ज्वारी कशी घेणार, सरकारी नोकरी! शिवाय ज्वारी पिकेपर्यंत कपाट थोडंच थांबणार होतं?

तिनं बयनाबाईला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "बयनाबाई, धान्य मले चालत नाही. पिशवीसंगं माणूस आणा. जिनं आजवर पुस्तक नेलं नाही, अशी एक बाई. थेच तुमचं भरणं."

बयनाबाईनं हनुवटीला बोट लावलं. "बाई चालते?"

"धावते!"

ही गोष्ट गावभर पसरायला किती वेळ लागतो! बाजाराच्या दिवशी सुधाकरराव दोन हमाल आणि टेम्पो घेऊन आले, तर वाचनालयात पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येकीच्या हातात पिशवी, मागं एक लाजलेली जाऊ, नणंद, नाहीतर शेजारीण. परीक्षेची पोरं भिंतीला चिकटून उभी. जुनी पुस्तकं टेबलावर येत होती आणि नव्या बाया ती उचलत होत्या. पिशव्या कमी पडल्या तसं कुणी पदराखाली घेतलं, कुणी भाजीच्या थैलीत वांग्यांवर ठेवलं. कपाटातलीही बघता बघता संपली.

"परत आली पाहिजेत, म्हटलं होतं मी," सुधाकरराव गर्दीतून वाट काढत म्हणाले.

"आली ना सर. आली, अन् गेली."

हमालांनी कपाट उघडून आत पाहिलं. एकानं विचारलं, "साब, इसमें तो कुछ नहीं. ले जाना क्या?"

सुधाकररावांनी पूर्णिमाकडे पाहिलं.

"न्या सर कपाट," ती म्हणाली. "पोरांच्या टेबलाला जागा होईल."