उलटी सुई

"वहिनी, बाळाचा फोटो काढून टाक हवं तर, पण ती खूण करू नकोस," असं माझी नणंद बजावत होती तेव्हा मी बाळाच्या तोंडात बोट घालून शिलाई मशीनची बॉबिन बाहेर काढत होते. त्यामुळे अर्धंच ऐकलं, आणि जे ऐकलं तेही वाऱ्यावर सोडलं. "अगं, दोन दिवसांपुरती गं," म्हणाले.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे सासूबाईंचं दुकान. त्या शिलाई मशीन दुरुस्त करतात. पंचवीस वर्षं पिशवीत पाने-पेचकस घालून शिंप्यांच्या दारोदार फिरल्या. आता गुडघे जिने चढू देत नाहीत. मशीनकडे जाता येत नाही, तर मशीननं आपल्याकडे यावं, म्हणून नणंदेनं नव्या नोकरीच्या गावी जाण्याआधी त्यांना वेबसाइट करून दिली. पहिल्याच पानावर फोटो होता तो माझ्या चौदा महिन्यांच्या बाळाचा: मशीनच्या उलट्या ठेवलेल्या लाकडी झाकणात बसलेलं, नाकाला तेल, तोंडभर हसू. घरच्यांनी कौतुक केलं. मला घाम फुटला. जगातला कुठलाही माणूस माझ्या पोराकडे बघत बसणार? मी सेटिंग उघडली. तिथे एक चौकट होती, 'सर्च इंजिनांनी ही वेबसाइट दाखवू नये' अशी. मी तिच्यात खूण केली, आणि सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी बाळाची दाढ आली, मग ताप आला, मग खोकला. खूण माझ्या डोक्यातून पार पुसली गेली. वेबसाइटवरून नाही.

तीन आठवडे झाले. फोन म्हणून वाजला नाही. आला तो शोरूमवाला. मोठ्या रस्त्यावर नव्या मशीनचं काचेचं दुकान आहे ना, त्याचा मालक. सासूबाईंच्या खुर्चीत बसून म्हणाला, "आमच्याकडे या हो. जुनी मशीन घेऊन माणूस आला की तुम्ही फक्त बघायचं आणि सांगायचं, हिच्यात आता काही राहिलं नाही. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"आणि हिच्यात काही राहिलं असेल तर?" सासूबाईंनी विचारलं.

तो हसला. त्याही हसल्या. पण त्याची पाठ वळल्यावर पेचकस ड्रॉवरमध्ये असा टाकला की बाळ दचकलं. "दिवसभर एसीत बसून खोटं बोलायचं," म्हणाल्या. "पण घरी बसून गंज चढण्यापेक्षा तेही बरं. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत एक अनोळखी माणूस मशीन घेऊन या दारात आला, तर शोरूमवाल्याला नाही म्हणेन. एकच. नाहीतर जाते."

एकच माणूस! मी पदर खोचला. म्हणजे ड्रेसच होता, पण खोचला. नणंदेला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. मीही शिकलेली आहे.

बाळ दुपारी झोपलं की माझी दुरुस्ती सुरू. पहिल्या दिवशी फोनवर वेबसाइटचा पूर्ण पत्ता टाइप केला आणि ती लगेच उघडली. "बघा आई, येतंय की!" मी ओरडले.

"घराचा पत्ता माहीत असलेला माणूस घरी पोहोचला यात काय मोठंसं?" त्या म्हणाल्या. "ज्याला माहीत नाही तो कसा येणार?"

मग मी पानावर नजर टाकली. पानाला शीर्षकच नव्हतं. 'नवीन पान' एवढंच लिहिलेलं. ते बदलून 'जुन्या शिलाई मशीनची दुरुस्ती' केलं. फोन नंबर पाटीच्या फोटोतच होता. तो वेगळा अक्षरांत लिहिला, कारण फोटोतलं वाचायचा कंटाळा यंत्रालाही येत असावा. नवऱ्यानं काढलेले फोटो एवढे जड होते की पान उघडेपर्यंत माझं बाळाचं डायपर बदलून व्हायचं. ते हलके केले. हे सगळं ठीकच होतं. पण तेवढ्यानं काही हलेना, तेव्हा माझा तोल गेला. कुठेतरी वाचलं होतं की लोक जे शब्द शोधतात ते पानावर हवेत. मी 'शिलाई मशीन दुरुस्ती' हे एकाच पानावर एकेचाळीस वेळा लिहिलं.

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. "याचा कपडा पुढे सरकत नाहीये गं. एकाच जागी टाके घालतंय. भोक पडेल."

मी अडतीस काढले.

मग नातेवाइकांना कामाला लावलं. अभिप्राय लिहा म्हटलं. माझ्या मावशीनं लिहिलं, 'मशीन छान चालते. मुलगी फार वाळली आहे, बाळ लोढणं झालंय, कुणी लक्ष देईल का?' तो अभिप्राय आठवडाभर सगळ्यात वर होता. अर्थात, वाचणारे आम्हीच.

सर्चमध्ये दुकानाचं नाव घातलं तरी आमचं काही येत नव्हतं. "नवीन आहे, वेळ लागतो," असं मी सगळ्यांना सांगायचे. स्वतःलाही. आणि दरवेळी सासूबाई ड्रॉवरमधली अवजारं फडक्यानं पुसून ओळीनं लावताना दिसायच्या. माणूस सामान बांधण्याआधी लावतो तशी.

ते नवऱ्यानंही पाहिलं असावं. शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी दारात एक माणूस उभा. जाड चष्मा, काखेत मशीन. "इथे दुरुस्त करतात ना? वेबसाइटवर बघितलं," पाठ केल्यासारखं म्हणाला.

मी धावत जाऊन खुर्ची पुढे ओढली. सासूबाईंनी मशीन पुढ्यात घेतली, चाक फिरवलं, चिंधीवर दोन टाके घालून पाहिले. टाका धरत नव्हता. त्यांनी काही उघडलं नाही. वाकून फक्त सुई पाहिली.

"सुई उलटी बसवलीय. सपाट बाजू चुकीच्या दिशेला." मग सुईचा स्क्रू सोडवायला गेल्या तर तो हलेना. पक्कड लावावी लागली. त्यांनी चष्म्यावरून त्या माणसाकडे पाहिलं. "तुम्ही माझ्या मुलाच्या ऑफिसातले का?"

"छे हो! मी तर अनोळखी..."

"माणूस अनोळखी असेल. स्क्रू ओळखीचा आहे. असा जीव खाऊन स्क्रू पिळणारा जगात एकच, तो मीच जन्माला घातलाय. आमच्या घरातले नळसुद्धा असेच पिळतो."

तो बिचारा दोन ग्लास पाणी प्यायला आणि बाळाला टाटा करून पळाला. संध्याकाळी नवरा घरी आल्यावर तासभर चपला नीट लावत दारातच रेंगाळला, ते वेगळं.

पण त्या दुपारी सासूबाई माझ्याकडे वळल्या. "याला हसू नकोस. अर्धी गिऱ्हाइकं अशीच. टाका सुटला की मशीन उघडतात, शटल काढतात, पट्टा बदलतात. सुई कुणी बघत नाही. तूही तेच करतेयस. तुझ्या त्या वेबसाइटची सुई बघितलीस का?"

"वेबसाइटला सुई नसते, आई."

"असेल काहीतरी. जिथून सुरुवात होते ते. बघ जा."

बाळ झोपल्यावर बसले. ठरवलं, काही बदलायचं नाही, नुसतं सेटिंगच्या पहिल्या पानापासून क्रमानं वाचत जायचं. तिसऱ्या पानावर ती चौकट. त्यात ती खूण. माझीच, ताठ, ऐटबाज. नणंदेचं अर्धवट ऐकलेलं वाक्य आता पूर्ण ऐकू आलं. इतके दिवस मी दाराबाहेर रांगोळीसारखं काहीबाही काढत होते, आणि दाराला कुलूप मीच घातलं होतं!

आधी बाळाचा फोटो काढून टाकला. मग खूण काढली. मग सर्च इंजिनला रीतसर विनंती पाठवली की बाबा, आमच्याकडे पुन्हा एकदा येऊन बघ.

"सापडलं?" सासूबाईंनी पलीकडून विचारलं.

"सापडलं. एक खूण राहिली होती. तिच्यामुळे आपण कुणालाच दिसत नव्हतो."

"कुणी केली होती?"

"कुणास ठाऊक. आपोआप झाली असेल. मी तर हातसुद्धा लावला नव्हता."

त्या फक्त हसल्या. ते हसू मी ओळखत होते. सुई उलटी बसवून आलेलं गिऱ्हाईक 'मी हातसुद्धा लावला नव्हता' म्हणालं की त्या असंच हसतात, आणि सुई सुलटी करून देतात.

बुधवार कोरडा गेला. गुरुवारी दुकानाचं नाव टाकल्यावर आमचं पान दिसलं. मी इतक्या जोरात किंचाळले की बाळ रडायला लागलं. पण नाव माहीत नसलेला माणूस अजून आला नव्हता. शुक्रवारी दुपारी सासूबाईंचा फोन वाजला. फोन बाळाच्या हातात होता. बाळानं त्यातल्या लाल गोल ठिपक्यावर प्रेमानं बोट टेकवलं. फोन बंद!

मी दोन उड्यांत पोहोचले, लाळ पुसली, तोच नंबर लावला. "नमस्कार, आत्ता फोन केला होतात का? आमच्याकडे... रेंज गेली."

पलीकडे एक बाई होती. "जुनी मशीन दुरुस्त करता ना? मी पडदे शिवते. महिनाभर शोधतेय हो, जो तो म्हणतो नवीन घ्या. आज अचानक तुमचं पान दिसलं. उद्या आले तर चालेल?"

शनिवारी दहाला शोरूमवाला उत्तर ऐकायला येऊन बसला. सव्वादहाला ती बाई आली, बाबागाडी ढकलत. गाडीत मशीन होती, पट्ट्यानं नीट बांधलेली. शोरूमवाल्यानं मान लांब करून पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, "हिचे पार्ट मिळत नाहीत. नवीनच घ्या."

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, तुम्हीच का ते? गेल्या महिन्यात दुकानातही हेच सांगितलंत. मशीनवरचं कापडसुद्धा काढलं नव्हतंत!"

सासूबाईंनी आधी सुई पाहिली. सुई बरोबर होती. मग खालची पट्टी उघडून चिमटा आत घातला आणि केसांची एक पिन बाहेर काढली.

"अगंबाई! मी नाही हं टाकली," ती बाई म्हणाली. "मी तर हातसुद्धा लावला नव्हता."

सासूबाई हसल्या. तिच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. मग शोरूमवाल्याला म्हणाल्या, "तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. मला इथे काम आहे."

बाळाचा फोटो आता परत लावलाय. झाकणातून फक्त दोन पाय दिसतात. सासूबाईंना पूर्ण बाळ हवं होतं, मला काहीच नको होतं. पायांवर तडजोड झाली. नणंदेला मी अजून काही सांगितलेलं नाही. हे तिच्या वाचनात आलं तर आलं.

तुमच्याकडे मात्र एक काम आहे. तुमच्या ओळखीत असं कुणीतरी असेल, घरातल्या खोलीत बसून चष्मे जोडणारं, बॅगांच्या चेन बसवणारं, शिकवण्या घेणारं, आणि 'हल्ली कुणी येतच नाही' म्हणून आपली अवजारं पुसून ठेवणारं. आज त्यांच्या कामाचं नाव टाकून शोधून बघा. पत्ता टाइप करू नका, तो तुम्हाला माहीत आहे. सापडले नाहीत तर उठा, त्यांच्याकडे जाऊन या, आणि सगळ्यात आधी ती चौकट बघा. खूण सापडली तर कुणी केली ते विचारू नका. घरात कुणाचे तरी कान लाल झालेले दिसतीलच.