आठ की ऊठ

माणूस पडला की पाणी आणायला एक जण धावतो आणि वाद घालायला दहा जण थांबतात. नागरिकहो, त्या दहांत आपणही असतो, म्हणून ही गोष्ट.

बॉक्सिंगच्या सामन्यात आपल्या क्लबचा ऐरण तिसऱ्या फेरीत आडवा झाला. ओतकामाच्या कारखान्यातला हा गडी कितीही घाव सोसतो, म्हणून त्याचं नाव ऐरण. पंचांनी आकडे म्हणायला सुरुवात केली. नियम असा की दहापर्यंत उठला नाही तर हरला, आणि लगेच उठला तरी आठपर्यंत मोजायचंच. मग त्याच्या डोळ्यांत बघून ठरवायचं, हा लढण्याच्या स्थितीत आहे की नाही. ऐरण आठाला उठला. पंचांनी हात हलवून लढत पुढे चालू केली. ऐरणने आणखी बरेच ठोसे खाल्ले आणि शेवटी एक असा दिला की सामनाच जिंकला.

समोरच्या क्लबाने तक्रार केली, की पंच 'आठ' म्हणालेच नाहीत, 'ऊठ' म्हणाले. म्हणजे पडलेल्याला मदत केली. खरं तर त्या गोंगाटात सगळ्यांना नीट ऐकू आला होता तो फक्त 'ठ'. पण तेवढ्या 'ठ'वरून गावात दोन तट पडले. सख्ख्या साडूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं. सलूनमधून एक जण अर्धी दाढी ठेवून रागाने निघून गेला आणि उरलेली दाढी त्याने दुसऱ्या पक्षाच्या सलूनमध्ये केली. चित्रफीत होती, पण नेमकी तिच्यात पंचांची पाठ होती.

पंचांचं चष्म्याचं दुकान होतं. अक्षरं वाचायला बसवलेलं गिऱ्हाईकही आधी विचारी, की खरं सांगा, काय म्हणालात? पंच ताठ मानेने सांगत, आठ. ते खरंच आठ म्हणाले होते. त्यामुळे त्यांना झोपही छान लागत असे.

शेवटी समितीने तोडगा काढला. येत्या रविवारी सामना पुन्हा खेळवायचा. दोन्ही तट खूश झाले. ऐरणला कुणी विचारलं नाही. जिंकलेल्या माणसाला काय विचारायचं?

त्याच आठवड्यात एका दुपारी ऐरणची बायको, जिला अख्खा क्लब वहिनी म्हणे, त्याला दंडाला धरून दुकानात घेऊन आली. कपाचा कान धरायला जातात आणि शेजारची हवा धरतात, असं तिने सांगितलं. क्लबच्या सचिवांना विचारलं, तर ते म्हणाले, रविवारच्या आत चष्मा करून घ्या.

पंचांनी त्याला स्टुलावर बसवलं. तक्त्यावरची सगळ्यात मोठी ओळ त्याने दोनदा वाचली, कारण त्याला त्या दोन दिसत होत्या. पंचांनी टॉर्च मारला. एका डोळ्यातली बाहुली आकसली. दुसरी होती तशीच राहिली.

पंचांनी टॉर्च विझवला. चष्म्याने भागणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, असं ते वहिनींना सांगू लागले. ओळखीचे डॉक्टर आहेत, उद्याच जाऊ. "सकाळी आठ..."

ऐरण उठला. स्टूल मागे कलंडलं. दोन्ही मुठी हनुवटीशी, पाय फाकलेले, नजर कुठेच नाही.

वहिनींनी स्टूल सरळ केलं आणि रोजचं काम करावं तसं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा. संपलं ते." मग त्या पंचांकडे वळल्या. "तुम्ही आठच म्हणालात, भाऊजी. मी पहिल्या रांगेत होते. ऊठ तर सगळं सभागृह म्हणत होतं. मीसुद्धा."

पंच नियमाचं काहीतरी बोलू लागले.

"नियमात डोळे बघायचे होते ना? तेच तर करता की दिवसभर."

आपण खरे ठरलो याचं पंचांना त्या क्षणी पहिल्यांदाच काही सुख वाटेना!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून ते वहिनींसह थेट समितीपुढे गेले; तिथे दोन्ही क्लबांचे लोक बसले होते. ऐरणचा मेंदू दुखावला होता आणि तो पुरता बरा होईल असं डॉक्टर म्हणायला तयार नव्हते. सचिव हळहळले. पण तिकिटं खपली होती. ते म्हणाले, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

"आलंय की देवपण," वहिनी दारातून म्हणाल्या. "बसवावं तिथं बसतात, आणि बोलत नाहीत."

मग पंच बोलले. "मी आठ म्हणालो, ते बरोबरच होतं. पण आठ म्हटल्यावर मी लोकांकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. चूक ती आहे. तक्रारीत ती लिहायला तुम्ही विसरलात." आणि सामन्यात गळ्यात बांधायचा काळा बो खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

मग समोरच्या क्लबाचा प्रशिक्षक उठला आणि आमचा पोरगा याच्याशी लढणार नाही, एवढंच म्हणाला. त्यांनी तक्रार मागे घेतली आणि सामना रद्द झाला. तक्रार मागे घेतली म्हणजे चूक कबूल केली का, यावर गावात नवे दोन तट पडले आहेत.

नागरिकहो, पडलेल्याला 'ऊठ' म्हणायला नुसता घसा लागतो. तो उठू शकतो का, हे बघायला त्याच्याजवळ जाऊन वाकावं लागतं. आधी वाकावं. ओरडायला उरलेले आहेतच.

पंच आता दर महिन्याला ऐरणला दवाखान्यात नेतात. निघायची वेळ ते बोटांनी दाखवतात. वहिनींनी भिंतीवरचं ठोके देणारं घड्याळ काढून ठेवलंय, आणि त्या घरात सातनंतर एकदम नऊ वाजतात.