अंगरखा घातलेला थेंब

मी ओव्याच्या तेलाचा थेंब बोलतोय. पोत्याच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात पडलोय आणि पोतं जवळजवळ रिकामं झालंय, त्यामुळे आवाज जरा घुमेल. सांभाळून घ्या.

माझा जन्म वाफेतला. वाळलेला ओवा भट्टीवरच्या भांड्यात भरला, खालून वाफ सोडली, तिच्याबरोबर मी वर चढलो आणि गार नळीतून उतरून पाण्यावर तरंगलो, तो तेल होऊनच. आम्हा तेलांचा स्वभाव भारी उतावळा. बाटलीचं बूच जरा सैल राहिलं की आम्ही निघालोच. जिभेवर पडलो तर झोंबतो, उघड्यावर ठेवलं तर उडून जातो. पोटाला गुणकारी म्हणून सगळे आमचं कौतुक करतात, पण पोटात खोलवर पोचेपर्यंत थांबायचा धीर आमच्यात नाही.

तो धीर मला एका बाईंनी दिला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या जनावरांच्या खाद्यात मिसळायचे दाणे बनवतात. त्यांनी मला वनस्पतीपासून काढलेल्या, वितळवलेल्या चरबीत ढवळलं आणि बारीक भोकांतून थंडगार पिंपात फवारलं. खाली पडेपर्यंत माझ्याभोवती चरबी गोठली. मोहरीएवढासुद्धा नसेन मी, पण अंगावर पांढरा, घट्ट अंगरखा. तो हवेत सुटत नाही, तोंडात सुटत नाही. आतड्यात पोचल्यावरच सुटतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कसलीच घाई नव्हती. बरं वाटलं.

विक्रीचं काम बाईंचा दीर बघायचा. बोलका माणूस. भिंतीशी बोलायला लावलं तर भिंतही दोन पोती घेईल, असं बाई म्हणायच्या.

एक दिवस शेळ्या पाळणारे एक काका आले. शेळ्या खरं तर त्यांच्या बायकोच्या. ती गेल्या वर्षी वारली आणि शेळ्या काकांच्या गळ्यात पडल्या. त्यानंतर जन्मलेली करडं दूध तुटताच हगवणीने दगावली. आता पुढच्या वेताची करडं दुधावरून उतरत होती.

"याही खेपेला गेली तर सरळ विकून टाका, म्हणते लेक," काका बाईंना म्हणाले. "तिचं काही चूक नाही. मला यातलं कळत नाही. पण तिच्या हाताखाली वाढलेल्या शेळ्या आहेत हो."

तिच्या म्हणजे बायकोच्या, हे बाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी आमच्यातले चिमूटभर दाणे काकांच्या तळहातावर ठेवले. काकांनी हुंगून पाहिलं.

"वास कुठाय?"

"नसायलाच हवा, काका. बाहेर आला तर आत काय उरणार?"

"असेल बुवा. पण नाकाला कळलं की जिवाला बरं वाटतं."

हे दिराने ऐकलं. बाईंनी आम्हाला भरड्यात, म्हणजे जाडसर दळलेल्या मका आणि पेंडीत, मिसळलं आणि त्या पोतं शिवायला सुई-दोरा आणायला आत गेल्या. तेवढ्यात त्याने थोडं नुसतं तेल पोत्यात शिंपडलं. गिऱ्हाइकाला वास हवाय, तर देऊ की. मनात वाईट काही नव्हतं. माझेच सख्खे भाऊ ते, फक्त अंगरख्याविना. पोत्यात नुसता धुडगूस घातला त्यांनी.

घरी पोतं उघडल्यावर काका वासाने खूश झाले. करडं उड्या मारत घमेल्यापाशी आली आणि थबकली. एक फुर्रकन शिंकलं आणि त्याने घमेल्यालाच टक्कर दिली. बाकीच्यांनी पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. एक कान दुमडलेलं बारकं करडू तर आधीच पातळ हगत होतं, आता उपाशीही राहिलं. काकांनी बाईंना फोन केला. भांडले नाहीत. "खात नाहीत हो," एवढंच म्हणाले.

बाई दिराला घेऊन आल्या आणि गोठ्याच्या दारातच थांबल्या.

"हा वास माझ्या दाण्यांचा नाही," त्या म्हणाल्या आणि मागे वळल्या. "भाऊजी?"

"तीन-चार चमचेच होतं, वहिनी. काकांना बरं वाटावं म्हणून."

"काकांना खायचंय का ते?"

दिराने पोतं ओढून दाराबाहेर आणलं.

"फेकून द्यायचं का मग?" काकांनी विचारलं.

"नको. उघडं आहे ते उडून जाईल. झाकलेलं राहील."

सावलीत, वाऱ्याच्या तोंडी ताडपत्री अंथरून सगळा भरडा पसरला. दीर दुपारभर उकिडवा बसून हाताने तो परतत होता. माझे भाऊ एकेक करून निघून गेले. निरोप घ्यायलाही थांबले नाहीत. थांबणं त्यांना जमत नाही. मग भरडा पुन्हा पोत्यात गेला आणि मी तळाशी पोचलो. नशिबाने तिथे शिवण उसवलेली आहे. त्या फटीतून सगळं दिसतं.

संध्याकाळी पुन्हा घमेलं ठेवलं. करडं येईनात. त्यांनी धसका घेतला होता.

"मी खाऊन दाखवू का?" दीर म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसा, भाऊजी."

तेव्हा काका उठले. घमेलं उचलून गोठ्याच्या मधोमध गेले आणि करडांकडे पाठ करून, घमेलं मांडीत लपवून बसले.

"हे काय, काका?"

"ती अशी बसायची कधीकधी. मला वाटायचं, माझ्यावर रुसलीय. विचारलं नाही कधी."

जरा वेळाने कान दुमडलेलं करडू काय लपवलंय ते बघायला आलं. काकांनी त्याला कोपराने सारलं. "हो पलीकडे, तुझं नाही ते." झालं. त्याने काकांच्या काखेतून मुंडकं घातलं आणि घास मारला. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि काकांनाच बसायला जागा उरली नाही.

तेव्हापासून पोतं रोज थोडं थोडं उतरत गेलं. गोठ्यात घट्ट काळ्या लेंड्या दिसू लागल्या. त्या झाडताना काका गुणगुणतात, आणि सुरात अजिबात नसतात.

आज लेक आलीय. करडं सावरल्याचं तिला ठाऊक नाही, शेळ्या विकायची कुणाशी तरी बोलणी करूनच आलीय. गोठ्यात शिरली तेव्हा काका पाठ करून बसले होते आणि करडं त्यांच्या खांद्यावर चढत होती. ती दार उघडंच टाकून तिथे थांबली.

"आई अशी बसायची, बाबा."

"ठाऊक आहे."

"मग त्या माणसाला काय सांगू मी?"

"ते नंतर. आधी दाराला कडी लाव, एक निघालंय बघ बाहेर."

तिने पळणारं करडू धरलं, कडी लावली आणि बापाशेजारी पाठ करूनच बसली. तिथूनच फोन लावला. "नाही विकायच्या," म्हणाली. एवढंच.

आता पोतं उलटं होतंय. घमेलं खाली दिसतंय आणि त्याच्या कडेला एक दुमडलेला कान. लेक म्हणतेय, "कोपरा झटका की, बाबा, राहिलंय तिथे."

येतो मी.