खडे काढायची तारीख

"पित्ताशयातले खडे आज गप्प आहेत, म्हणून कायम गप्प बसतील असं समजू नका," सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कृतिकानं मान डोलावली आणि सासूबाईंचं, कांताबाईंचं, ऑपरेशन दिवाळीपलीकडे ढकललं. त्या दवाखान्यात गेल्या तर दीड वर्षाच्या लेकीला, स्वप्नालीला, सांभाळणार कोण? परदेशी बँकेतली नोकरी नवीकोरी. दिल्लीतल्या मयूर विहारच्या फाटकावरून आठ वाजून दहाची, नोकरदारांची चार्टर्ड बस सुटली की सुटली.

दिवाळी होऊन गेली, तारीख राहिली. कार्तिकी एकादशीला सकाळीच साबुदाण्याची खिचडी खाऊन उठताना कांताबाई पोट धरून बसल्या. कळ पाठीपर्यंत गेली होती.

"गॅस असेल, ओवा चावा आई."

"हो गं, तू जा. बस चुकेल."

अकरा वाजता शेजारच्या नीलाताईंचा बँकेत फोन आला. कांताबाईंना दवाखान्यात हलवलं होतं. तपासणीत कळलं, खडा नळीत अडकून स्वादुपिंड सुजलं होतं.

कृतिका रसायनशास्त्राची बी.एस्सी. सुजलेल्या स्वादुपिंडात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू पेशी होरपळवतात, अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात, असं तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी पर्समध्ये सेलेनियम आणि क जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घेऊनच ती खाटेपाशी बसली. तोंडानं काहीही द्यायचं नव्हतं.

"एक घोट दे गं. कोण बघतंय?" कांताबाईंचे ओठ सुकले होते.

घोटाबरोबर कॅप्सूलही गेली असती. कृतिकाचा हात तांब्यापर्यंत गेला. मग ती उठली आणि कॅप्सूलची डबी थेट उपचार करणाऱ्या डॉक्टर राजीव यांच्या टेबलावर ठेवली. "देऊ का?"

"होरपळ खरी आहे. पण गोळ्यांनी ती थांबते असं अजून ठाम दिसलेलं नाही. आणि आत्ता तोंडानं? अजिबात नाही. सलाइन चालू आहे, आता वाट बघायची."

"मला काहीतरी करायचंय हो."

"मग सूज उतरली की खडे काढूनच घरी न्या. पुढची तारीख मागू नका."

परत येऊन ती म्हणाली, "आई, माझ्या बसपायी ऑपरेशन ढकललं मी."

"आणि मी काय केलं? पोर पाळणाघरात जाईल म्हणून चारदा दुखलं ते गिळलं. कमाल आहे बाई, एवढी शिकलेली सून, घोटभर पाणी देत नाही!"

पंधरा दिवसांनी खडे निघाले. कृतिकानं महिनाभर बिनपगारी रजा घेतली. साहेब कुरकुरले, तिनं कुरकुरू दिलं.

तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. ज्या बाईच्या जिवावर तुम्ही रोज वेळेवर घराबाहेर पडता, तिला आज विचारा, कुठं दुखतंय का. "काही नाही गं" म्हणाली, तर तिथंच थांबू नका. पुन्हा विचारा.